मूल सांभाळायला बाई ठेवताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांसाठी

‘आमच्या ओळखीतली आहे’ एवढ्या एका वाक्यावर बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडच्या घरांतून मुले सहज बाईच्या हाती सोपवली जातात. गल्लीत सगळे एकमेकांना ओळखतात, बाईचे माहेर कंग्राळीचे की येळ्ळूरचे हे दोन मिनिटांत कळते, तिच्या दिराचे दुकान कुठे आहे हेही कोणीतरी सांगते, आणि एवढे समजले की चौकशी पूर्ण झाली असे आपण धरून चालतो. या ओळखीतून बाईचे घर कळते. ती तापाने फणफणलेल्या मुलाला कशी सांभाळते, मूल तासभर रडत राहिले तर काय करते, हातून चूक झाली तर खरे सांगते का, हे मात्र त्यातून काहीच कळत नाही.

माझी मुलगी चौदा महिन्यांची असताना मी स्वतः ही चूक केली. शेजारच्या काकूंनी सुचवलेल्या त्या बाई स्वभावाने प्रेमळ होत्या, हाताने स्वच्छ होत्या आणि मुलगी त्यांच्याकडे हसत जात असे. एके दिवशी विसरलेली फाइल घ्यायला मी दुपारी अडीचच्या सुमारास घरी आले, तर दाराला बाहेरून कडी होती. आत मुलगी पाळण्यात झोपलेली होती, एक पाय पाळण्याच्या कडेवरून बाहेर आलेला होता, आणि घरात दुसरे कोणीही नव्हते. वीस मिनिटांनी बाई पिशवीत तांदूळ घेऊन आल्या. रेशनचा शेवटचा दिवस होता, यंत्रावर अंगठा उमटत नव्हता, म्हणून रांग लांबली. त्या खोटे बोलल्या नाहीत. झोपलेल्या मुलाला एकटे सोडायचे नाही हे मी त्यांना कधी सांगितले नव्हते, आणि रेशनच्या दिवशी तुम्ही काय करता हे कधी विचारलेही नव्हते. त्या दिवसानंतर बाई निवडताना मी ज्या क्रमाने गेले, तोच क्रम येथे देत आहे.

आधी आपली गरज कागदावर लिहा

बाई शोधायला निघण्यापूर्वी पतिपत्नींनी एकत्र बसून आपल्याला नेमके काय हवे आहे ते लिहून काढावे. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आठवड्यातले किती दिवस, फक्त मूल सांभाळायचे की सोबत भांडी आणि केरही, हे आधी ठरले पाहिजे. उद्यमबागमधल्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांची वेळ दर आठवड्याला बदलते, आणि त्या बदलाची कल्पना न देता ठेवलेली बाई महिनाभरात सोडून जाते. माझे स्पष्ट मत असे आहे की दोन वर्षांखालील मूल सांभाळणाऱ्या बाईकडे धुणे आणि स्वयंपाक सोपवू नये. चुलीवर तेल तापत असताना रांगणाऱ्या मुलाकडे कोणाचेच लक्ष पुरत नाही, आणि मग दोष बाईला दिला जातो.

मूल आपल्या घरी राहणार, बाईच्या घरी जाणार की पाळणाघरात, हाही निर्णय याच वेळी घ्यावा. पाळणाघर निवडायचे असेल तर दुपारी जेवणानंतर, मुले झोपलेली असताना न सांगता जाऊन पाहावे, कारण सकाळी सगळीकडे सगळे नीटनेटके असते. ग्रामीण भागात काही ग्रामपंचायतींनी कामावर जाणाऱ्या मातांच्या लहानग्यांसाठी ‘कूसिन मने’ ही केंद्रे चालवली आहेत. कन्नडमध्ये या शब्दांचा अर्थ बाळाचे घर असा होतो. गावात असे केंद्र असल्यास तेही पाहून यावे. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असली पाहिजे, अशी तरतूद 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात झाली, तेव्हा आपल्या कार्यालयात याची विचारणा करायला संकोच वाटू देऊ नये.

कोणाला विचारायचे, कोणाला ठेवायचे नाही

अंगणवाडीतल्या टीचर, आशा कार्यकर्त्या आणि मुलाच्या डॉक्टरांकडील नर्स या तिघींना गल्लीतल्या कोणाही शेजाऱ्यापेक्षा अधिक माहिती असते, कारण कोणती बाई मुलांना कसे हाताळते हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले असते. दोन-तीन नावे मिळाल्याशिवाय कोणालाही होकार देऊ नये. एकच नाव समोर असले की आपण तिच्यातले दोष पाहायचेच टाळतो.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. गावाकडून बारा-तेरा वर्षांची मुलगी ‘बाळाला खेळवायला’ आणून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे अजून पूर्णपणे गेलेली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला असे कामावर ठेवणे 1986 च्या बालकामगार कायद्याने आणि त्यातील 2016 च्या दुरुस्तीने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, जिने स्वतः शाळेत असायला हवे त्या मुलीकडे आपल्या बाळाचा जीव सोपवणे हा त्या दोन्ही मुलांवर अन्याय आहे.

कागदपत्रे आणि पोलीस पडताळणी

आधार कार्डाची प्रत घ्यावी, मूळ कार्डाशी ताडून पाहावी आणि प्रतीवर ‘घरकामासाठी ओळखीकरिता’ असे लिहून तारीख घालावी. कर्नाटकातल्या कार्डावरचा पत्ता कन्नड आणि इंग्रजीत असतो, आणि आपल्यापैकी अनेकांना कन्नड वाचता येत नाही. अशा वेळी कन्नड वाचणाऱ्या कोणाकडून तो पत्ता वाचून घ्यावा, सध्याच्या राहत्या पत्त्याशी जुळवावा, आणि दोन्ही पत्ते निराळे असतील तर कारण विचारावे. भाड्याने राहणाऱ्यांचे पत्ते निराळे असणे साहजिक आहे, त्यामुळे त्यावरून लगेच संशय घेऊ नये. त्यानंतर एकदा बाईच्या घरी जाऊन यावे, चहा घ्यावा. घरी जाऊन आलेला पालक आणि केवळ फोन नंबर असलेला पालक यांच्यात फार मोठा फरक पडतो.

पोलीस पडताळणीसाठी सेवा सिंधू या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. बेळगाव शहरासाठी पोलीस आयुक्तालय आहे, तर खानापूर, निपाणी, चिक्कोडी हे तालुके जिल्हा पोलिसांकडे येतात. त्यामुळे बाई जिथे राहते त्या हद्दीचे ठाणे कोणते हे आधी विचारून घ्यावे. चंदगड तालुक्यातून रोज बेळगावला येणाऱ्या बायकाही बऱ्याच आहेत. त्यांचे कायमचे घर महाराष्ट्रात असल्याने पडताळणीही तिकडच्या ठाण्यातून व्हावी लागते, आणि कर्नाटकातल्या महिलांना जून 2023 पासून मिळणारा शक्ती योजनेचा मोफत बसप्रवास त्यांना मिळत नाही. पगार ठरवताना हा येण्याजाण्याचा खर्च लक्षात घ्यावा, नाहीतर दोन महिन्यांत ‘परवडत नाही’ म्हणून त्या काम सोडतील आणि मुलाला पुन्हा नव्या चेहऱ्याची सवय करावी लागेल.

पडताळणीचा कागद एवढेच सांगतो की पोलिसांच्या नोंदीत तिच्याविरुद्ध काही नाही. तो आवश्यक आहे, पण त्यावर निर्धास्त होऊ नये.

बोलणे: मत विचारू नका, घडलेले विचारा

‘तुम्हाला मुले आवडतात का?’ या प्रश्नाला कोणीही नाही म्हणत नाही. त्याऐवजी घडलेल्या गोष्टी सांगायला लावाव्यात. ‘अक्का, तुमच्याकडे असताना एखादे मूल पडले होते का? तेव्हा तुम्ही आधी काय केलेत? आईला कधी कळवलेत?’ जी बाई क्षणभर थांबून, एक खरा प्रसंग आठवून, स्वतःच्या चुकीसह सांगते, तिच्यावर मी अधिक विश्वास ठेवीन. वीस वर्षे मुले सांभाळली पण कधी खरचटलेसुद्धा नाही, असे सांगणाऱ्या बाईला आणखी खोदून विचारावे. मूल जेवत नसेल तर काय करता, चावले तर काय करता, सलग रडले तर काय करता, हे तीन प्रश्न चुकवू नयेत. ‘एक चापट दिली की गप्प बसतात’ असे उत्तर आले तर, बाकी सगळे कितीही चांगले असले तरी, तेथेच नम्रपणे नकार द्यावा.

त्यानंतर तिच्या स्वतःच्या आयुष्याविषयी विचारावे, आणि ते आदराने विचारावे. रेशन कोणत्या तारखांना असते, महिला बचत संघाचा हप्ता आठवड्यातून कोणत्या दिवशी भरावा लागतो, घरी आजारी कोणी आहे का, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला किती दिवस जाणार, शेतीच्या हंगामात गावाकडे जावे लागते का. या तारखा आपल्या दिनदर्शिकेवर तिच्यादेखत लिहाव्यात आणि त्या दिवसांची पर्यायी सोय आपणच करावी. माझ्या घरी जे घडले ते अशा एका प्रश्नाने टळले असते.

आधी ज्या घरी काम केले त्या घरच्यांशी शक्यतो समोरासमोर बोलावे. तिथे दोनच प्रश्न पुरतात: काम का सुटले, आणि उद्या गरज पडली तर तुम्ही त्यांना पुन्हा बोलवाल का. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला समोरची व्यक्ती किती वेळ घेते याकडे लक्ष द्यावे.

मूल बाईच्या घरी राहणार असेल तर त्या घरातील प्रत्येक प्रौढ माणसाची चौकशी करणे हा आपला हक्क आहे. दुपारी घरी कोण असते, कोणी दारू पिते का, भाडेकरू किंवा पाहुणे येऊन राहतात का, हे विचारताना आपल्याला अवघडल्यासारखे होते, परंतु मूल त्या सगळ्यांच्या हाती जाणार असते. बाईव्यतिरिक्त दुसऱ्या कोणीही मुलाला आंघोळ घालायची नाही, कपडे बदलायचे नाहीत आणि त्याला एकट्याने बाहेर न्यायचे नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगावे.

घर दाखवताना

बाई ठरली की तिला हाताला धरून घर दाखवावे. आपल्याकडच्या घरांतला सर्वांत मोठा धोका पाण्याचा असतो. नळाला रोज पाणी येत नसल्याने अंगणात संप, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, असतो, न्हाणीघरात बॅरल आणि बादल्या भरलेल्या असतात, जुन्या वाड्यांत आड असतो. रांगते मूल अर्ध्या बादलीत तोंडावर पडले तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही, आणि अशा वेळी आवाजही होत नाही. संपाच्या झाकणाला कडी आणि कुलूप हवे, पाणी सोडणाऱ्या माणसाने झाकण उघडे ठेवले नाही ना हे तिनेच जाऊन पाहायचे, आणि न्हाणीचे दार नेहमी बाहेरून लावलेले असावे. बंब पेटलेला असताना मूल त्या बाजूला फिरकू नये. घरात आपल्या रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या, डासांचे औषध, खेळण्यातले बटणासारखे सेल कुठे आहेत हे आधी शोधून वर कपाटात ठेवावे.

खाण्याच्या बाबतीत लेखी यादीच द्यावी. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे आणि चिरमुऱ्यांत मिसळलेली डाळ पाच वर्षांखालील मुलाला देऊ नये, कारण ती श्वासनलिकेत अडकू शकते. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, आणि वर्षाच्या आत मध चाटवू नये. या दोन गोष्टी जुन्या पिढीतल्या अनुभवी बायकांना पटत नाहीत, म्हणून त्या वाद न घालता पण न डगमगता सांगाव्यात. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईने नाकात-कानात तेल सोडू नये आणि बंद खोलीत धुरी देऊ नये. बाळ शांत झोपावे म्हणून गुटीतून अफू उगाळून देण्याची जुनी रीत कोठे कोठे कानावर येते. तिने बाळाचा श्वास मंदावतो आणि जीवही जाऊ शकतो, म्हणून बाहेरून आणलेली कोणतीही गुटी चालणार नाही, असे सांगून टाकावे. लहान बाळाला नेहमी पाठीवर झोपवावे, आणि कितीही रडले तरी गदागदा हलवू नये. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. रडणे असह्य झाले तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून पाच मिनिटे बाजूच्या खोलीत जा आणि मला फोन करा, असे तिला आपणहून सांगावे. असा फोन आला तर तिच्यावर चिडू नये.

एक गोष्ट मी प्रत्येक बाईकडून कापडाच्या बाहुलीवर करून घेते. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकून त्याला श्वास घेता येईना तर त्याला आपल्या पुढच्या हातावर पालथे, डोके खाली ठेवून धरायचे, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्यायच्या, मग उताणे करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबायचे, आणि वस्तू निघेपर्यंत हे आलटूनपालटून करायचे. तोंडात बोट घालून न दिसणारी वस्तू चाचपायची नाही. बाहुलीवर दोनदा केले की हाताला सवय होते; नुसते ऐकून ती होत नाही. बाळ निपचित पडले तर लगेच 108 ला फोन करायचा. बाईजवळ सेलफोन आणि त्यात पैसे आहेत का, हे दर महिन्याला पाहावे.

दाराच्या आत, डोळ्यांच्या उंचीवर एक कागद चिकटवावा: आईवडिलांचे क्रमांक, मुलाचे डॉक्टर, जवळची आत्या किंवा मामा, रुग्णवाहिकेसाठी 108, आणीबाणीसाठी 112, बालकांसाठीची हेल्पलाइन 1098, आणि घराचा पत्ता. हा कागद मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लिहावा, कारण धावत येणारा शेजारी कोणत्या भाषेचा असेल ते आपल्या हाती नसते. ताई कार्ड, म्हणजे लसीकरणाचे पुस्तक, तेथेच खिळ्याला अडकवावे. औषध फक्त आपण लिहून दिलेले, लिहिलेल्या मात्रेत आणि आपल्याला फोन करूनच द्यायचे.

भाषेचा प्रश्न

बाई कन्नडभाषक असेल तर ती केवळ तेवढ्यासाठी नाकारू नये. लहान मुले दोन्ही भाषा सहज उचलतात, आणि आमच्या शेजारची मुले ‘नीरु’ आणि ‘पाणी’ एकाच वाक्यात मागतात. मात्र दोन्ही बाजूंना काही शब्द पक्के समजले पाहिजेत. दुखते, नको, भूक, शी, भीती वाटते हे शब्द बाईला मराठीतून कळावेत, आणि ‘बेडा’ म्हणजे नको हे मुलाला म्हणता यावे. औषधाच्या बाटलीवरची मात्रा तिच्या भाषेत चिठ्ठीवर लिहून बाटलीलाच चिकटवावी.

पहिले पंधरा दिवस

पहिल्या आठवड्यात घरातले एक माणूस सोबत असावे. पहिले दोन दिवस तिने पाहावे आणि आपण करावे, त्यानंतर तिने करावे आणि आपण पाहावे. पुढच्या आठवड्यात अर्धा दिवस बाहेर राहावे, आणि एखाद्या वेळी न सांगता लवकर परत यावे. हे अधूनमधून घडेल, असे तिला पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगावे म्हणजे त्यात अपमान राहत नाही. घरात कॅमेरा लावणार असाल तर तोही सांगूनच लावावा, आणि न्हाणीघरात किंवा कपडे बदलण्याच्या जागी कधीही लावू नये.

जून ते सप्टेंबरचा पाऊस, खानापूरकडे जुलैत मुसळधार पावसामुळे जाहीर होणारी शाळेची सुट्टी, सीमाप्रश्नावरून बंद पडणारी बससेवा, गणपती विसर्जनाची रात्रभर चालणारी मिरवणूक, या दिवसांत बाई येऊ शकणार नाही किंवा आपण वेळेवर घरी पोहोचणार नाही. ‘मी येईपर्यंत तुम्ही निघायचे नाही, आणि उशीर झाला तर अमुक काकू येतील’ असा एक करार आधीच करावा, आणि त्या काकूंनाही तो माहीत असावा. मुलाला तुमच्या दोघांव्यतिरिक्त आणखी कोणाच्या हाती द्यायचे याची नावे लिहून ठेवावीत. यादीत नाव नसलेला नातेवाईक आला तरी आधी फोन करायचा.

मुलाचे ऐका

बाई कितीही चांगली असली तरी मुलाच्या बोलण्याला पहिला मान द्यावा. तीन वर्षांच्या मुलाला आपल्या सगळ्या अवयवांची खरी नावे शिकवावीत, आणि ‘आईला सांगू नको’ असे म्हणून ठेवलेले कोणतेही गुपित गुपित नसते, ते लगेच सांगायचे असते, हे खेळताखेळता सांगत राहावे. ‘आज बाई कशा होत्या?’ असे विचारण्याऐवजी ‘आज दुपारी काय खाल्लेस, कुठे बसून खाल्लेस, मग कोण आले?’ असे विचारावे. एका विशिष्ट माणसाला पाहून मूल आक्रसते, आंघोळीला अचानक घाबरते, अंथरूण पुन्हा ओले करू लागते, किंवा सांगता न येणारे वळ दिसतात, तेव्हा ‘लाडावला आहे’ म्हणून ते सोडून देऊ नये. त्या दिवशी मूल तेथे ठेवू नये; चौकशी नंतर करावी.

अत्याचाराची शंका आली तर मुलाला पुन्हापुन्हा खोदून विचारू नये, कपडे धुऊ नयेत, आणि गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनी ‘आपसात मिटवू’ म्हटले तरी ऐकू नये. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता आणि मुलाचा विश्वास असलेल्या माणसासमोर घ्यावा, असे हाच कायदा सांगतो. त्यासाठी दुभाष्याची मदत घेण्याची तरतूदही त्यात आहे. आपले मूल फक्त मराठी बोलत असेल तर दुभाष्या मागावा. आपल्या भागातल्या प्रत्येक मराठी पालकाला ही तरतूद ठाऊक असली पाहिजे असे मला मनापासून वाटते, कारण मुलाचा एक शब्द भाषांतरात चुकला तर त्याचे सगळे म्हणणेच बदलू शकते.

पगार, सुट्टी आणि निरोप

पगार ठरल्या तारखेला द्यावा, आठवड्याची सुट्टी पगारी असावी, आजारपणात पैसे कापू नयेत. सर्दी-तापातही पैसे कापले जातील या भीतीने येणारी बाई तोच ताप मुलाला देते. तिचे ताट-पेला वेगळे ठेवू नयेत. मूल ते पाहत असते आणि ज्या माणसाचा आईवडील मान ठेवत नाहीत त्याचे ते ऐकत नाही. दर महिन्याला एकदा, मूल झोपलेले असताना, बसून बोलावे: तुम्हाला काय जड जाते, मुलाने नवे काय केले, आमचे काय चुकते.

काम थांबवायचे ठरले तर शक्य असल्यास महिनाभर आधी सांगावे, आणि मुलाला तिच्यासमोर सांगावे की मावशी उद्यापासून येणार नाहीत. किल्ली परत घ्यावी, शाळेतून मूल नेण्याच्या यादीतले तिचे नाव त्याच दिवशी काढावे, राहिलेला पगार हातात द्यावा, आणि पुढच्या घरच्यांनी फोन केला तर जे खरे आहे तेवढेच सांगावे.